केसरीवाडा ते फर्ग्युसनची टेकडी

पुण्याच्या लकडी पुलाच्या शहराकडील टोकाला जो चौक आहे त्यास लोकमान्य टिळकांचे नाव आहे. आणि पूल ओलांडून डेक्कन जिमखान्यावरून फर्ग्युसन महाविद्यालयाकडे जो रस्ता जातो त्यास नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. पुणेकर मात्र ही दोन्ही नावे क्वचितच तोंडी आणतात. चौकाला ते 'अलका टॉकीज' म्हणतात आणि रस्त्याला 'एफ. सी. रोड'. पाट्यांवर का होईना, हे दोघे मुठेच्या दोन तीरांवर समोरासमोर उभे आहेत, आणि मध्ये एक पूल आहे. नगरपालिकेने ही योजना जाणून केली असेल असे वाटत नाही. पण इतिहासाला ती साजेशी झाली आहे खरी.

आपल्या हुबळी-धारवाडकडील मराठी घरांना पुणे काही परके नाही. लग्नकार्य, शिक्षण, औषधोपचार, मुलांच्या नोकऱ्या अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आपण तेथे जातोच. अशा एखाद्या खेपेत सकाळचे तीन तास मोकळे काढावेत आणि नारायण पेठेतल्या केसरीवाड्यापासून फर्ग्युसनमागच्या टेकडीपर्यंत पायी जावे, एवढीच या लेखाची शिफारस आहे. अंतर फार नाही; दोन-अडीच किलोमीटर भरेल. पण या वाटेने चालले असता आपल्या पूर्वजांनी ज्यांच्या नावाने दोन तट पाडले त्या दोन माणसांचे भांडण नेमके कशाचे होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

परदेशांत अशा पायी सहलींची रीत जुनी आहे. न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एरन बर या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा शोधत लोक हिंडतात. दोघेही स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, दोघेही त्याच शहरात वकिली करणारे. एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यात तर दोघे आरोपीच्या बाजूने एकत्र उभे राहिले होते. राजकारणात मात्र त्यांचे वितुष्ट इतके वाढले की ११ जुलै १८०४ रोजी हडसन नदीपलीकडे वीहॉकन येथे दोघांनी एकमेकांसमोर पिस्तुले धरली. बर तेव्हा अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मरण पावला. ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे. तेथे नदी ओलांडून जे घडले आणि आपल्याकडे नदी ओलांडून जे घडले, त्यांतला फरक लक्षात ठेवून आपण आपल्या वाटेला लागू.

प्रारंभ खरे तर बुधवार पेठेतून व्हावयास हवा. तेथील मोरोबादादांच्या वाड्यात २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर पुढे येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. याच सुमारास गोखले त्या मंडळींत आले. टिळकांचा जन्म १८५६ चा, गोखल्यांचा १८६६ चा; म्हणजे दहा वर्षांचे अंतर. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही चित्पावन, दोघेही गणित शिकविणारे. टिळक फळ्याकडे न वळता तोंडानेच उदाहरणे सोडवीत आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना ती उमगत नसत, अशी आठवण सांगितली जाते. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक मात्र पुढे कित्येक वर्षे शाळांतून चालले. स्वभावातले अंतर एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

भांडणाचा पहिला खटका उडाला तो देशाच्या प्रश्नावरून नव्हे, तर पगाराच्या नियमावरून. आणि हाच भाग आपण सहसा विसरतो. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ठरावीक अल्प वेतन घ्यावे आणि आपली सर्व शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची मिळकत करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. जेझुइट पाद्र्यांचा कित्ता त्यांच्या डोळ्यांपुढे होता. इतर सदस्यांना संसार होते. महिन्याच्या तुटपुंज्या रकमेत भागत नसे. ग्रंथलेखन, संपादन अशी कामे ते करीत. मतभेद दोन-तीन वर्षे धुमसत राहिले. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा ठिणगी पडली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी लांबलचक पत्र लिहून सोसायटीचा राजीनामा दिला. ज्या संस्थेला त्यांनी तारुण्याची दहा वर्षे दिली होती तिच्यातून ते बाहेर पडले. टिळकांच्या चरित्रकारांना या प्रसंगात त्यांची तत्त्वनिष्ठा दिसते, आगरकर-गोखल्यांच्या चाहत्यांना त्यांचा हट्ट. प्रस्तुत लेखकाला दोन्ही दिसतात. मात्र या प्रश्नाचा निकाल पुढे कोणी आणि कसा लावला, ते टेकडीजवळ पोचल्यावर पाहू.

बुधवारातून नारायण पेठेकडे येताना जो रस्ता लागतो त्याला न. चिं. केळकरांचे नाव आहे. टिळकांच्या तुरुंगवासांत 'केसरी' सांभाळणाऱ्या केळकरांच्या रस्त्यावरून टिळकांच्या वाड्याकडे वळावे, हेही ठीकच. हा गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये सयाजीराव महाराजांकडून घेतला. त्यापूर्वी ते सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्यात राहत. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये त्यांच्याकडे उतरले ते त्याच वाड्यात. गायकवाड वाड्यात वृत्तपत्राचे कार्यालय, छापखाना, ग्रंथसंग्रह आणि गणपती असा सारा टिळकांचा संसार एकत्र नांदला. मंडालेहून सुटल्यावर १९१४ च्या जूनमध्ये पोलिसांनी त्यांना मध्यरात्री आणून सोडले ते याच दारात. येथील गणपती पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींपैकी पाचवा.

वाड्याच्या अंगणात उभे राहिले की टिळकांच्या राजकारणाची घडण कळते. भोवती पेठ आहे. वाणी, कासार, भिक्षुक, तालमीतली मुले, सारे हाकेच्या अंतरावर. 'केसरी' मराठीत होता आणि तो वाचून दाखविला जात असे. आपल्या मुलखातही तो तसाच येई. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडात होते; त्या रेल्वेच्या नावातच 'मराठा' होते आणि तिचे रूळ पुण्याला जोडलेले होते. धारवाडला कर्नाटक कॉलेज निघाले १९१७ मध्ये. तोपर्यंत या भागातल्या होतकरू मुलांना उच्च शिक्षणासाठी पुणे नाहीतर मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. ती मुले सुटीत परत येत ती कोणत्या ना कोणत्या पक्षाची होऊनच.

आता पुलाकडे. येथे थोडे थांबून १८९१ ते १८९७ ही सहा वर्षे मनाशी उजळावीत. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला. टिळकांनी सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून विरोध केला, गोखले रानड्यांच्या बाजूने उभे राहिले. १८९५ मध्ये पुण्याला काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही यावरून रण माजले. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकपक्षाने जिंकली, आणि पुढल्याच वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. एका शहरात दोन सभा झाल्या. दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक तरुण बॅरिस्टर १८९६ च्या ऑक्टोबरात पुण्यास उतरला तेव्हा त्याला या दोन्ही सभांची मदत हवी होती. मोहनदास गांधी प्रथम टिळकांना भेटले. सर्व पक्षांनी यावे असे वाटत असेल तर अध्यक्ष तटस्थ असावा, डॉ. भांडारकरांकडे जा, असा सल्ला टिळकांनी दिला, आणि गोखल्यांनाही भेटावयास सांगितले. फर्ग्युसनच्या आवारात गोखले भेटले. पुढे आत्मचरित्रात गांधींनी टिळकांना सागराची आणि गोखल्यांना गंगेची उपमा दिली. सागरात उतरण्याचे धाडस सहजी होत नाही, गंगा कुशीत बोलावते, असा त्याचा आशय. आपण आज ज्या वाटेने जातो आहोत ती पहिल्यांदा अशा रीतीने जोडून चालला तो एक गुजराती, हे आपण पक्षाभिमानी मराठी लोकांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

१८९७ ची गोष्ट मात्र गंगेला फार जड गेली. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता आणि घरे तपासण्यासाठी गोऱ्या सोल्जरांची पथके फिरत होती. गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळविलेल्या हकिकतींवर विसंबून त्यांनी तेथे जाहीर केले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने जीव दिला. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. गोखले परतले तेव्हा पुण्याचे वातावरण बदलले होते. आरोपाला पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून सुटका करून घेणे त्यांना शक्य होते. ते त्यांनी केले नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी आपले विधान बिनशर्त मागे घेतले, आणि सरकारची व सोल्जरांचीही माफी मागितली.

ही माफी महाराष्ट्राने त्यांना कधी माफ केली नाही. त्याच सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी माफीचा शब्दही काढला नाही. दोन चित्रे शेजारी टांगली गेली ती कायमचीच. आपल्यांपैकी पुष्कळांच्या दिवाणखान्यात टिळकांची तसबीर असते, गोखल्यांची नसते, याचे मूळ या एका महिन्यात आहे असे मला वाटते. परंतु प्रश्न असा आहे की जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे हा भित्रेपणा, की मित्रांची नावे पोटात ठेवून सारी नाचक्की एकट्याने सोसणे हे धैर्य? टिळकांचे धैर्य तुरुंगाच्या भिंतीपाशी दिसले म्हणून ते सर्वांना कळले. गोखल्यांचे धैर्य दिसण्यासारखे नव्हते. माफीची भाषा गरजेपेक्षा अधिक लीन होती, हे मात्र त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

पूल ओलांडला. याच बाजूस ७ ऑक्टोबर १९०५ रोजी विदेशी कपड्यांची होळी पेटली. फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक सावरकर तिचा पुढारी, आणि टिळक हजर. महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. गोखले तेव्हा तेथे शिकवीत नव्हते, १९०२ मध्येच ते निवृत्त झाले होते. पण कॉलेजावरचा राग त्यांच्याही वाट्याला आलाच.

फर्ग्युसनच्या मुख्य इमारतीसमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट मनात येते. टिळक या महाविद्यालयाचे संस्थापक, गणिताचे आणि संस्कृतचे प्राध्यापक. परंतु या इमारतीत त्यांनी एकही तास घेतला नाही. कॉलेज येथे आले १८९५ मध्ये, टिळक गेले १८९० मध्ये. त्यांचे फर्ग्युसन शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यातले. इकडचे फर्ग्युसन गोखल्यांचे. येथेच आपल्या धारवाडच्या दोन थोर माणसांचीही आठवण व्हावी. आलूर वेंकटराव येथे शिकले आणि टिळकांचे निष्ठावंत होऊन परतले. 'गीतारहस्या'चे कन्नड भाषांतर त्यांनीच केले, आणि कर्नाटकाच्या एकीकरणाचा ध्यास घेणारेही तेच. दुसरे द. रा. बेंद्रे. घरची बोली मराठी, पदवी फर्ग्युसनची, आणि काव्य कन्नडाचे भूषण ठरलेले. कन्नड अस्मितेचे पाणी कोणत्या विहिरीतून आले, हा प्रश्न आपल्याकडे आजकाल कोणी विचारीत नाही. न मराठी, न कन्नड. विचारला असता तर सीमेवरची काही भाषणे तरी आखूड झाली असती.

महाविद्यालयाच्या मागच्या बाजूस, टेकडीच्या पायथ्याशी, भारत सेवक समाजाचे आवार आहे. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी टेकडीवर प्रतिज्ञा घेऊन हा समाज स्थापिला; द्रविड, देवधर आणि पटवर्धन हे पहिले तीन सहकारी. टिळकांचा वाडा आणि गोखल्यांचा समाज एकाच वर्षीचे. समाजाच्या सात प्रतिज्ञा आहेत. त्यांतली एक अशी, की समाज देईल त्या निर्वाहात समाधान मानावे आणि स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्तीचा कोणताही अंश खर्चू नये. १८९० मध्ये टिळक ज्या नियमासाठी भांडून सोसायटीबाहेर पडले तो हाच नियम! ज्यांच्याशी ते भांडले त्यांनीच पंधरा वर्षांनी तो आपल्या अनुयायांकडून शपथेवर घेतला. गोखल्यांनी हे कोठे बोलून दाखविले नाही, आणि टिळकांनीही त्यांना टोचल्याचे माझ्या वाचनात नाही. दुसरी एक प्रतिज्ञा आहे ती कोणाशीही व्यक्तिगत भांडण न करण्याची. ती लिहिताना गोखल्यांच्या मनात पुलापलीकडचे घर नव्हते, असे मानणे कठीण आहे.

ती प्रतिज्ञा त्यांनी पाळल्याचा एक पुरावा परक्याच्या लेखणीतून उरला आहे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे, आणि लोक त्यांच्या अंगावर धावून येत होते. एक जाड पुणेरी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहांना लागला. त्या गोंधळात गोखल्यांनी दोन्ही हात पसरून टिळकांना आडोसा दिला, असे हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज वार्ताहराने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. जोड्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. हातांची फारशी कोणी सांगत नाही.

पुढली सात वर्षे टिळक बहुतेक काळ मंडालेत होते. तिकडे 'गीतारहस्य' लिहिले जात असता इकडे गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मुलांच्या शिक्षणाचा हक्क आपल्या संसदेने कायद्यात आणला तो २००९ मध्ये. मवाळांचे राजकारण अर्जविनंत्यांचे होते असे म्हणणाऱ्यांनी त्या विधेयकाची कलमे एकदा वाचावीत.

टिळक सुटल्यावर समेटाची बोलणी झाली. ॲनी बेझंट आणि सुब्बाराव मध्यस्थ होते. जहालांना काँग्रेसमध्ये पुन्हा घ्यावयाचे, कसे घ्यावयाचे, हा प्रश्न होता. गोखले अनुकूल होते, मग बिचकले. टिळक आत येऊन सरकारची अडवणूकच करणार असे त्यांना वाटले, आणि तसे त्यांनी मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना खाजगी पत्रात कळविले. ते खाजगी राहिले नाही. टिळक संतापले, 'केसरी'तून जाब विचारला गेला. १९१५ चा जानेवारी अशा कडवटपणात गेला. गोखले आधीच मधुमेहाने खचलेले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री, याच आवारातल्या आपल्या निवासात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

टिळक सिंहगडावर होते. निरोप कळताच ते उतरून आले आणि स्मशानात बोलावयास उभे राहिले. जमलेल्यांपैकी काहींनी टाळ्या वाजविल्या, तेव्हा ही वेळ टाळ्यांची नव्हे, आसवे ढाळण्याची आहे, असे त्यांनी त्यांना बजावले. चितेवरच्या देहाकडे बोट करून ते म्हणाले की हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न, कार्यकर्त्यांचा राजा येथे विश्रांती घेत आहे; याच्याकडे पाहा आणि त्याचे अनुकरण करा. पंचवीस वर्षांच्या भांडणानंतर आणि त्या पत्रानंतर हे शब्द निघाले. हॅमिल्टन आणि बर यांच्या नदीची आठवण मला येथे होते.

या वाटेचा शेवटचा टप्पा पुण्यात नाही. अडलेला समेट पुढल्या वर्षी पुरा झाला तो आपल्या बेळगावात. १९१६ च्या एप्रिलअखेरीस तेथे मुंबई प्रांतिक परिषद भरली. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे टिळकांचे अनुयायी यजमान होते. काँग्रेसमध्ये परत जावे असा ठराव तेथे झाला. त्या परिषदेत ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत गांधी होते, गोखल्यांना गुरू मानणारे. त्याच दिवसांत, २८ एप्रिलला, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावातच झाली. बॅप्टिस्टा अध्यक्ष, केळकर चिटणीस. वर्षअखेरीस लखनौला नवे-जुने सारे एका मंडपात बसले. त्या मंडपात गोखले नव्हते, आणि आदल्या नोव्हेंबरात फिरोजशहाही गेले होते.

ज्यांना ही वाट चालावयाची असेल त्यांनी सकाळी लवकर निघावे. नऊनंतर लकडी पुलावर वाहनांमुळे उभे राहता येत नाही. मी स्वतः दुसऱ्या खेपेस उलट दिशेने चाललो, टेकडीकडून वाड्याकडे. तसेही चालून पाहावे.